माळवद उतरवताना: औसा तालुक्यातील एका वाड्याच्या सागवानाचे प्रकरण

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात एका गावी चार पिढ्या वापरात असलेला दगडमातीचा वाडा आहे. त्याचा पूर्वेकडील पाच खणांचा (खण म्हणजे दोन खांबांमधली जागा) भाग पाडून तेथे काँक्रीटचे घर बांधायचे कुटुंबाने ठरवले आणि त्या भागातील लाकडाचे काय करावे, हे विचारण्यासाठी घरातील धाकटे भाऊ आमच्या लातूर येथील फर्निचरच्या कारखान्यात आले. तोपर्यंत जुने लाकूड घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने वाडा पाहून उक्ता भाव सांगितलेला होता. पाडणे, उचलणे आणि वाहून नेणे हे सर्व त्याच्याकडे राहणार होते आणि घरच्यांनी केवळ रक्कम मोजून घ्यायची होती. थोरल्या भावांना हा व्यवहार सोयीचा वाटत होता. धाकट्यांची अपेक्षा इतकीच होती की घरातल्या लाकडाचे एक मोठे जेवणाचे टेबल व्हावे आणि उरलेल्याचा योग्य मोबदला मिळावा.

या प्रकरणात लाकूड कापण्याचे किंवा पॉलिशचे कौशल्य फारसे निर्णायक ठरले नाही. कोणते लाकूड ठेवायचे, कोणते विकायचे आणि कोणते मुळीच कापायचे नाही, हे लाकूड छताखाली जागेवर असतानाच ठरवले गेले, ही गोष्ट निर्णायक ठरली. उतरवून अंगणात ढीग रचल्यावर तीच निवड करू म्हटले असते, तर निम्मी माहिती मातीबरोबर वाहून गेली असती.

वाडा आणि त्यातील लाकूड

मराठवाड्यातील माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, रचना साधी, पण वजनदार असते. तळखड्यावर (खांबाखालच्या दगडावर) लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर दाटीने बसवलेले किलचण (लाकडाचे आखूड तुकडे), त्यावर पाला अथवा तुराट्यांचा थर आणि सर्वांत वर दरवर्षी थोडी थोडी भर घालून जाड होत गेलेली पांढरी माती. या वाड्यात ती माती काही ठिकाणी दीड हातापर्यंत जाड झाली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात औसा आणि उमरगा तालुक्यांतील हजारो माणसे गेली, त्याला रुंद पण सांधा नसलेल्या दगडी भिंती आणि छतावरचे हेच ओझे कारणीभूत होते. त्याच भूकंपात काही घरांच्या भिंती कोसळूनही आतील खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, हेही नोंदवले गेले आहे. या भागात वाड्यातील लाकडाबद्दल आदर आणि माळवदाबद्दल धास्ती अशा दोन्ही भावना एकाच घरात आढळतात, त्याचे मूळ येथे आहे. धाकट्या भावांना लाकूड हवे होते आणि थोरल्यांना त्या छताखाली पुन्हा झोपायचे नव्हते. दोघांचेही बरोबर होते.

व्यापाऱ्याने सर्व लाकूड ‘सागवान’ धरून भाव सांगितला होता. प्रत्यक्षात तसे नव्हते. तुळया आणि समोरच्या ओळीतील नक्षीचे खांब सागवानी होते, मागच्या ओळीतील तीन खांब बाभळीचे होते आणि कड्यांमध्ये कडुनिंब मिसळलेला होता. शंभर वर्षांच्या धुराने आणि धुळीने सर्वच लाकूड एकसारखे काळे झाले होते, त्यामुळे नुसत्या नजरेने हा फरक कळणे शक्य नव्हते. आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक नगाच्या न दिसणाऱ्या बाजूस पटाशीने नखाएवढा छिलका काढला. सागवानाचा ताजा छिलका सोनेरी तपकिरी दिसतो, बोटांना किंचित तेलकट लागतो आणि त्याला कातड्यासारखा उग्र वास असतो. बाभळीचा रंग लालसर असतो, लाकूड सागवानापेक्षा बरेच जड असते आणि पटाशी त्यावर अडखळते. कडुनिंबही आतून लालसर असतो, पण त्याचे रेषे उलटसुलट असल्यामुळे छिलका सरळ निघत नाही, तुटतो. कडुनिंबाला कीड लागत नाही, हा समज येथे खोटा ठरला, कारण भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी कीड, सर्वांत अधिक याच कड्यांत होते.

घरात सांगितले जाते त्याप्रमाणे हे सागवान नांदेड जिल्ह्यातील किनवटच्या बाजूने बैलगाड्यांवर आले. किनवट १९५६ मधील राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते आणि तो सगळा पट्टा सागाच्या जंगलाचा आहे, म्हणून ही गोष्ट पटण्यासारखी आहे. मात्र ‘जुने म्हणून अधिक मजबूत’ हे सरसकट विधान करणे योग्य नाही. जुन्या, मोठ्या झाडांच्या लाकडाचा खरा लाभ असा की त्यात कडेचे पांढरे, कच्चे लाकूड अल्प आणि गाभ्याचे पक्के लाकूड अधिक असते. सागवानाच्या गाभ्यात वाळवीला आणि बुरशीला न मानवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात, कडेच्या पांढऱ्या भागात ती नसतात. या वाड्यातील ज्या दोन तुळयांच्या एका कडेला पांढरा भाग राहिला होता, तेवढाच भाग पोखरलेला होता आणि त्याला लागून असलेला गाभा जसाच्या तसा होता.

टोके आणि पोट

जागेवरच्या तपासणीत सर्वाधिक वेळ तुळयांना दिला गेला. हातोडीने ठोकून आवाज ऐकणे हा पहिला उपाय होता. चांगल्या भागातून खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या भागातून बद्द येतो. परंतु छतावर माती असताना सर्वच आवाज दबतात, म्हणून केवळ त्यावर विसंबता येत नाही. त्यानंतर बारीक, टोकदार टोच्या दर वीतभर अंतरावर दाबून तो किती आत जातो हे पाहिले. मध्यभागी तो जेमतेम रुतत होता, भिंतीपासून हातभर अंतरावर किंचित अधिक, आणि भिंतीच्या तोंडाशी बोटभर सहज आत जात होता.

याचे कारण रचनेतच आहे. तुळईचे टोक हातभर जाडीच्या मातीच्या भिंतीत गाडलेले असते. पावसाळ्यात भिंत ओल धरते, त्या टोकाला हवा मिळत नाही आणि उन्हाळ्यात बाकीची तुळई खडखडीत वाळली तरी टोक दमटच राहते. त्यातच एखादे पन्हाळे तुंबून पाणी भिंतीत मुरत असेल, तर बुरशी आणि वाळवी दोन्ही तेथूनच शिरतात. थोरले भाऊ एक काळे पडलेले, चुरगळणारे टोक पाहून म्हणाले, ‘‘हे तर सगळं गेलंय की, विकून मोकळं होऊ.’’ मिस्त्रींनी उत्तर दिले, ‘‘मालक, टोकं सोडा, मधलं पोट बगा.’’ पुढील सर्व हिशेब या एका वाक्यावर बेतला गेला.

तुळया १० फूट लांब, ८ इंच रुंद आणि ६ इंच जाड होत्या. म्हणजे एका तुळईत सुमारे ३.३ घनफूट लाकूड. वाळलेल्या सागवानाची घनता ढोबळमानाने घनमीटरला ६५० किलो धरली, तर एका तुळईचे वजन ६० किलोंच्या आसपास येते. दोन्ही टोकांचे सव्वा-सव्वा फूट सोडले, तर हाती साडेसात फूट, म्हणजे अडीच घनफूट राहतात. व्यापारी दहा फुटांचा भाव सांगताना टोके खराब म्हणून दर पाडत होता आणि ताब्यात आल्यावर टोके कापून मधला भाग चांगल्या दराने विकणार होता. यात फसवणूक आहे असे म्हणता येणार नाही, कारण कापण्याची, वाहतुकीची आणि न विकल्या गेलेल्या मालाची जोखीम त्याच्याकडे होती. मात्र ज्याला स्वतः ते लाकूड वापरायचे आहे, त्याने उक्त्या भावाशी तुलना करताना साडेसात फुटांचा हिशेब धरायला हवा, दहाचा नव्हे.

किडीच्या भोकांबाबत एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. भोक आहे म्हणजे कीड आहे, असे नसते. अनेक भोके पन्नास-साठ वर्षांपूर्वीची असतात आणि आतली कीड केव्हाच संपलेली असते. जुन्या भोकाच्या कडा काळपट आणि किंचित झिजलेल्या असतात, ताज्या भोकाच्या कडा धारदार आणि आतून फिक्या असतात, आणि त्याच्याखाली पिठासारखा बारीक भुसा पडतो. संशयित नगांखाली कागद अंथरून आठवडाभर ठेवले. चार कडुनिंबी कड्यांखाली पुन्हा भुसा पडला. त्या कड्या बाकीच्या लाकडापासून त्याच दिवशी वेगळ्या केल्या.

उतरवणी

मे महिन्यात काम उरकणे भाग होते, कारण एकदा पाऊस सुरू झाला की छताची माती भिजून तिचे वजन वाढते आणि त्याखाली माणूस उभा करणे धोक्याचे होते. घर बांधणाऱ्या ठेकेदाराची सूचना जेसीबीने अर्ध्या दिवसात भाग ओढून पाडण्याची होती. ती मान्य केली असती, तर साखळीच्या ओढीने तुळया मधोमध तडकल्या असत्या, आणि तडकलेली तुळई टोके कुजलेल्या तुळईपेक्षा अधिक निरुपयोगी असते. टोक कापता येते, पण मधून गेलेली लांब चीर कापून काढायला सगळी लांबीच खर्ची पडते.

म्हणून क्रम बांधणीच्या बरोबर उलटा ठेवला. प्रथम प्रत्येक तुळईच्या मध्याखाली टेकू दिले. नंतर माती दोन्ही बाजूंनी समान उतरवत नेली, एकाच बाजूचे ओझे काढून दुसरीकडे ठेवले नाही. ती माती शेजारच्या शेतात टाकायला नेली. माती गेल्यावर तुराट्यांचा थर, मग किलचण, मग कड्या. प्रत्येक तुळईवर आणि खांबावर गेरूने क्रमांक, दिशा आणि वरची बाजू लिहिली. वरची बाजू नोंदवण्याचे कारण असे की दीर्घकाळ ओझे वाहिलेली तुळई खाली किंचित झुकलेली असते, आणि कापताना हा बाक कोणत्या बाजूस आहे हे ठाऊक असेल तर फळ्या सरळ काढण्यात कमी लाकूड वाया जाते. सांधे बहुतेक ठिकाणी कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक) आणि लाकडी खुंटीचे होते. खुंटी मागून ठोकून बाहेर काढली की तुळई खांबापासून सहज सुटत होती. ज्यांनी हे सांधे केले होते, त्यांनी ते उकलता येतील अशा बेतानेच केले असावेत, इतके ते नेमके होते.

दारांची कवाडे हा या टप्प्यातील वेगळा प्रश्न होता. त्यांवर हिरव्या ऑइल पेंटचे अनेक थर होते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० पेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. असा रंग कोरड्या सँडपेपरने घासला, तर त्याची धूळ श्वासातून जाते आणि लहान मुलांना ती सर्वाधिक घातक असते. कवाडे घरातील अंगणात न घासता कारखान्यात आणून, रंग काढणारे रसायन लावून, ओल्या अवस्थेत खरवडली आणि खरवड गोळा करून बंद डब्यात ठेवली. जुन्या दाराला ‘अँटिक’ रूप देण्यासाठी रंगाचे पापुद्रे अर्धवट ठेवून त्याचा टेबलटॉप करण्याची सध्याची हौस मला या कारणासाठी पटत नाही.

गिरणीवर

तुळया चिरण्यासाठी लातूरच्या एका लाकूड कटाई गिरणीत नेल्या. सागवान गिरणीत नेले की पहिला प्रश्न माल कुठला, हा असतो. सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीसंबंधीच्या गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशानंतर विनापरवाना गिरण्यांवर टाच आली आणि परवानाधारक गिरण्यांना आलेल्या-गेलेल्या मालाची नोंद ठेवणे अटळ झाले. पाडलेल्या घरातील लाकूड आणि चोरटे लाकूड यांत वरवर पाहता भेद करता येत नाही. म्हणून उतरवणी सुरू करण्यापूर्वीच घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना आठचा उतारा, ग्रामपंचायतीचा दाखला आणि लाकूड जागेवर असतानाची छायाचित्रे तयार ठेवली होती, आणि वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात विचारणा करून त्यांनी सांगितल्याप्रमाणे वाहतुकीचे कागद पूर्ण केले होते. लाकूड ट्रॅक्टरमध्ये भरल्यानंतर ही धावपळ सुरू करणाऱ्यांची वाहने रस्त्यात अडकून पडतात.

गिरणीवाल्याची दुसरी अट खिळ्यांची होती. जुन्या तुळईत दिव्यासाठी, झोक्यासाठी, दांडीसाठी पिढ्यानपिढ्या खिळे ठोकलेले असतात आणि काहींची डोकी तुटून नुसते अंग आत राहिलेले असते. बँड सॉचे पाते अशा खिळ्यावर आदळले तर पात्याचे दात जातात आणि पाते तुटून उडाले तर माणसाला इजा होते. मेटल डिटेक्टरने प्रत्येक बाजू तपासली. सागवानात लोखंडाभोवती निळसर काळा डाग पडतो, हीही एक खूण उपयोगी पडली: डाग दिसला आणि खिळा दिसला नाही, तर तो आत आहे असे धरून खणायचे. झोक्याच्या कडीचा घडीव खिळा चार इंच खोल होता. तो उपटण्याऐवजी भोवतीचे लाकूड गिरमिटाने पोखरून मोकळा केला, त्यामुळे झालेले भोक फळीच्या कडेला आले आणि पुढे रंध्यात निघून गेले.

येथे धाकट्या भावांची एक अपेक्षा सोडून द्यावी लागली. ६ इंच जाडीच्या तुळईतून दीड इंची चार फळ्या निघतील, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो बरोबर आहे, करवतीखाली नाही. ६ इंच म्हणजे १५२ मिलिमीटर. झिजलेला, काळा झालेला पृष्ठभाग दोन्हीकडून मिळून १२ मिलिमीटर काढावा लागला, उरले १४०. प्रत्येक कापाला ३ मिलिमीटर भुसा होतो आणि चिरल्यावर फळी थोडी वाकते, म्हणून रंध्यासाठी जादा जाडी ठेवावी लागते. तीन फळ्या निघाल्या आणि त्याच निघायला हव्या होत्या. चौथीच्या हव्यासाने चारही फळ्या सव्वा इंचाच्या खाली गेल्या असत्या आणि सहा फुटी टेबलाला त्या पातळ पडल्या असत्या.

शंभर वर्षे वाळलेले लाकूड चिरले की लगेच वापरता येते, हाही एक गैरसमज आहे. तुळई बाहेरून वाळलेली असली तरी तिच्या आत ताण साठलेला असतो, तो चिरल्यावर मोकळा होतो. फळ्यांची थप्पी सारख्या जाडीच्या पट्ट्या मध्ये घालून, पट्टीवर पट्टी येईल अशी रचली, वर वजन ठेवले आणि टोकांना मेण लावले. आर्द्रता मोजण्याच्या यंत्रावर मधल्या भागातील आणि भिंतीकडील भागातील आकडे सारखे होईपर्यंत त्यांना हात लावला नाही. दोन फळ्या वाकल्या. एक कापून आखूड कामाला घेतली, दुसरी वजनाखाली सरळ झाली.

टेबल, खांब आणि बाकीचे

दोन तुळयांतून मिळालेल्या सहा फळ्यांपैकी पाच फळ्या टेबलाच्या पृष्ठभागाला लागल्या. प्रत्येकी ७ इंच रुंद फळ्या जोडून ३५ इंच रुंदी मिळाली. सागवान तेलकट असल्यामुळे रंधा मारून ठेवलेल्या कडांना काही दिवसांनी गोंद नीट धरत नाही. कडा रंधून, लगेच थिनरने पुसून त्याच तासात जोड दिले. पाय आणि चौकट तिसऱ्या तुळईतून काढली. पृष्ठभाग चौकटीला बसवताना स्क्रूची भोके गोल न ठेवता लांबट ठेवली, कारण आमच्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हवेतील दमटपणा इतका बदलतो की ३५ इंच रुंदीचा सागवानी पृष्ठभाग पाच ते आठ मिलिमीटर कमीजास्त होऊ शकतो. घट्ट बसवला असता तर पहिल्याच उन्हाळ्यात जोड उकलला असता किंवा फळी तडकली असती. वरून जवसाचे तेल आणि मेण दिले. फ्रेंच पॉलिश अधिक चकाकते, पण गरम भांड्याचा पांढरा डाग त्यावर पडतो आणि जेवणाच्या टेबलाला तो पडणारच.

खिळ्यांच्या काळ्या डागांपैकी तीन डाग पृष्ठभागावर राहिले. ते ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने फिके करता येतात. थोरल्या भावांनी ते तसेच ठेवायला सांगितले. झोका कोणत्या तुळईला होता, हे त्यांना आठवत होते.

नक्षीच्या चार खांबांवर सर्वाधिक चर्चा झाली. एका नातेवाइकांनी त्यांचे तुकडे करून टेबलाचे पाय आणि दिव्यांचे स्टँड करावेत, असे सुचवले. आम्ही नकार दिला. साध्या तुळईची फळी केली तर लाकडाचे मोल वाढते, कोरलेल्या खांबाचे तुकडे केले तर घटते, आणि असे खांब आज कोरून घ्यायचे म्हटले तर मजुरीच परवडत नाही. नव्या घराच्या ओसरीत ते चारही खांब त्यांच्या मूळ तळखड्यांवर उभे केले आहेत. त्यांच्यावर केवळ पत्र्याच्या हलक्या छपराचा भार आहे, काँक्रीटचा स्लॅब स्वतंत्र कॉलमवर आहे. जुन्या खांबाची ताकद ठोकून आणि टोचून पाहिल्याने घराचा भार सोपवण्याइतकी खात्रीशीर कळत नाही.

बाभळीचे तीन खांब गावातल्याच सुताराने अवजारांच्या दांड्यांसाठी घेतले. भुसा पडणाऱ्या कडुनिंबी कड्या जाळण्यासाठी दिल्या, उरलेल्या निरोगी कड्यांना बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचे द्रावण पाजून गोठ्याच्या छपराला वापरले. किलचण तुकड्यातुकड्यांचे असल्याने व्यापाऱ्याने ते जळणाच्या भावाने मागितले होते. त्यातील फूटभरापेक्षा लांब सागवानी तुकडे वेगळे काढून त्यांचे पाट आणि एक फडताळ झाले, बाकीचे त्याच भावाने दिले. उरलेल्या दोन तुळया न चिरता, टोके कापून, त्याच व्यापाऱ्याला घनफुटाच्या दराने विकल्या, कारण कुटुंबाला त्यांचा उपयोग नव्हता आणि न वापरता ठेवलेले लाकूड नव्या घराच्या बांधकामाच्या ओलीत खराब झाले असते. सहावी फळी टेबलाखाली बांधून ठेवली आहे. पुढे टेबलाची एखादी फळी बदलावी लागली, तर त्याच झाडाची, त्याच रंगाची फळी घरात असावी, एवढ्यासाठी.